‘स्कॉट्स ग्रेज’ : एका रिसाल्याचे नामाभिधान

लष्करी तुकडीस सरकारदरबारी एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे, हा प्रकार विरळा नाही. परंतु लोकांनी रूढ केलेले नाव अखेर सरकारला पत्करावे लागले, असे स्कॉटलंडच्या ‘रॉयल स्कॉट्स ग्रेज’ या रिसाल्याच्या बाबतीत घडले. (‘पलटण’ हा शब्द आपल्याकडे मुख्यत्वे पायदळास लावीत असल्याने येथे ‘रिसाला’ हाच शब्द योजिला आहे.)

1678 मध्ये राजा दुसरा चार्ल्स याच्या कारकीर्दीत स्कॉटलंडात ड्रॅगून स्वारांच्या तीन तुकड्या उभारण्यात आल्या आणि 1681 मध्ये टॉमस डालियेल या सेनानीच्या हाताखाली त्यांचा रिसाला बनला. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून मजल मारून प्रसंगी पायउतार होऊन बंदुकीने लढणारा शिपाई. या स्वारांचे काम काय होते? राजाने लादलेली धर्मव्यवस्था नाकारून डोंगरदऱ्यांत उघड्यावर प्रार्थनासभा भरविणाऱ्या ‘कव्हेनंटर’ पंथीयांचा पाठलाग करणे. स्कॉटलंडला पुढे ज्याचा अभिमान वाटू लागला, तो रिसाला स्कॉटिश प्रजेच्याच दडपणुकीसाठी जन्मास आला होता. वॉटर्लूपासून कथेस आरंभ करणाऱ्यांना ही गोष्ट सोयीस्करपणे गाळता येते.

‘ग्रे’ म्हणजे करडा. पण करडे काय? डालियेलने 1683 मध्ये फ्लँडर्सहून करडे कापड आणविण्याची परवानगी मिळविली होती, म्हणून काही जण पोशाखाकडे बोट दाखवितात. तथापि पोशाख लवकरच तांबडा झाला. उलट 1694 मध्ये लंडनच्या हाइड पार्कात झालेल्या पाहणीच्या वेळी रिसाल्याचे घोडे करडे होते. नाव टिकले ते घोड्यांमुळेच, असे मला वाटते.

1707 मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांची राज्ये एक झाली आणि ‘स्कॉट्स’ हा शब्द जाऊन ‘रॉयल नॉर्थ ब्रिटिश ड्रॅगून्स’ असे नाव आले. स्कॉटलंडास ‘उत्तर ब्रिटन’ म्हणविण्याचा हा राजकीय खटाटोप लोकांच्या जिभेवर कधीच रुळला नाही. 1877 मध्ये ‘दुसरे ड्रॅगून्स (रॉयल स्कॉट्स ग्रेज)’ असे अधिकृत नाव ठरले. 1921 मध्ये कंसाची अदलाबदल होऊन लोकनाम बाहेर आले आणि क्रमांक कंसात गेला.

1815 च्या वॉटर्लूच्या लढाईत सार्जंट चार्ल्स इवर्ट याने फ्रेंचांच्या 45 व्या पायदळ रेजिमेंटचे गरुडचिन्ह हस्तगत केले. तेव्हापासून गरुड ही रिसाल्याची खूण झाली. चेष्टेखोरांनी मात्र त्या गरुडास टर्की कोंबडा ठरविले व स्वारांना ‘बबली जॉक’, म्हणजे स्कॉट्स बोलीतील टर्की, म्हणून चिडविले.

1914 मध्ये शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून करड्या घोड्यांना गडद रंग फासावा लागला. 1941 मध्ये घोडे जाऊन रणगाडे आले. 2 जुलै 1971 रोजी तिसऱ्या कॅराबिनियर्समध्ये विलीन होऊन ‘रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स’ हा रिसाला बनला. ‘ग्रेज’ हा शब्द अधिकृत नावात केवळ कंसात उरला. शिपायांची बेरे टोपी मात्र आजही करड्या रंगाची आहे.