स्नायू आपले रिसेप्टर कसे ठरवतो?

बारावीच्या वर्गात परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मज्जापेशीकडून कुठलं रसायन येणार, हे स्नायूला आधीच कसं कळतं?" किती नेमका प्रश्न!

आधी कळत नाहीच. झेनोपस बेडकाच्या भ्रूणात स्नायूपेशींवर सुरुवातीला ॲसिटिलकोलीन, ग्लुटामेट, गाबा, ग्लायसीन अशा चारही रसायनांचे रिसेप्टर, म्हणजे त्यांना ओळखणारी प्रथिनं, असतात. नेहमीच्या वाढीत शेवटी फक्त ॲसिटिलकोलीनचे उरतात.

बोरोडिन्स्की आणि स्पिट्झर या संशोधकांनी या भ्रूणातली विद्युत हालचाल बदलून पाहिली (२००७). ती कमी केल्यावर मज्जापेशींत ग्लुटामेट वाढलं; वाढवल्यावर गाबा आणि ग्लायसीन. आणि स्नायूंनी त्या-त्या रसायनाचे रिसेप्टर टिकवून ठेवले!

जनुकांइतकंच विजेचं हे काम पाठ्यपुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.