कीर्तिपूरहून थेट आशिया कपात!

आशिया कपात भारत-पाकिस्तानच्या गटात तिसरा संघ कोण, हे 2023 साली ठरलं ते काठमांडूजवळच्या कीर्तिपूरमध्ये. स्पर्धा होती एसीसी (आशियाई क्रिकेट परिषद) मेन्स प्रीमियर कप. दहा संघ, पन्नास षटकांचे सामने आणि आशिया कपाचं तिकीट फक्त विजेत्याला. कुवेत, कतार, सिंगापूर, सौदी अरेबियासुद्धा मैदानात होते. टीव्हीवर एरवी हे संघ दिसतात कुठे?

अंतिम सामना नेपाळ विरुद्ध यूएई. पावसाने खोडा घातला आणि 1 मे रोजी सुरू झालेला सामना राखीव दिवसावर गेला. डावखुरा फिरकीपटू ललित राजवंशीने अवघ्या 14 धावांत 4 बळी टिपले आणि यूएईचा डाव 117 धावांत आटोपला. पाठलाग सोपा वाटला, तरी नेपाळची सुरुवात अडखळतच झाली. मग 17 वर्षांचा गुलशन झा उभा राहिला. नाबाद 67! सात गडी राखून विजय आणि नेपाळ पहिल्यांदाच आशिया कपात.

पुढे आशिया कपात श्रीलंकेतल्या पल्लेकेलेत भारताविरुद्ध याच संघाने 230 धावा केल्या. सामना भारताने दहा गडी राखून जिंकला खरा, पण आसिफ शेखचं अर्धशतक आणि सोमपाल कामीच्या 48 धावा मात्र आवर्जून बघाव्यात अशाच.