सुवर्णनाण्यांचे कृत्रिम जुनेपण : चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विजासन लेणी, वैरागडचा किल्ला, मार्कंड्याची मंदिरे आणि गोंड राजांचे बल्लारपूर अशा अवशेषांनी समृद्ध असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत गुप्तधनाच्या वार्तेवर सहज विश्वास बसतो. 'शेत नांगरताना सापडलेले' म्हणून दाखविलेले काळसर, मातकट सोन्याचे नाणे पाहणाऱ्याला प्रथम त्याच्या रंगानेच जुने वाटते. हा रंग काळाचा पुरावा ठरतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगाचे रसायन

शुद्ध सोने हवेने वा ओलाव्याने गंजत नाही. हजार वर्षे जमिनीत राहिलेले उत्तम कसाचे नाणे धुतल्यावर नव्यासारखे पिवळे निघू शकते. काळवंडते ती त्यातील भेसळ, म्हणजे चांदी व तांबे. गंधकाच्या संयोगाने त्यांचे काळे सल्फाइड बनते. सराफ हीच क्रिया गंधकयुक्त द्रावणाने काही मिनिटांत घडवून आणतात, उंचवटे घासून उजळतात आणि खोलगट भागात काळिमा राहू देतात. लालसर छटेसाठी गेरू वापरतात. पुतळी हारातील पुतळ्यांना असा 'अँटिक' साज देणे हा उघड व सचोटीचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक तो मागून घेते. तेच काम जुन्या नाण्याच्या नावाखाली झाले की फसवणूक सुरू होते.

पुरलेल्या नाण्याच्या अक्षरांत खरोखरच लोहयुक्त तांबूस थर साचतो. परंतु सुरजागडसारख्या लोहखनिजाच्या डोंगरांचा हा प्रदेश. येथे तांबडी माती ओंजळभर मिळविण्यास कितीसे श्रम पडणार?

याच्या उलट क्रियाही जुनीच आहे. हलक्या कसाचे सोने तापविले की पृष्ठभागावरील तांबे प्राणवायूशी संयोग पावते. ते चिंचेच्या आंबट पाण्यात वा आम्लात विरघळविले की वर सोन्याने समृद्ध असा पातळ थर उरतो. म्हणूनच केवळ पृष्ठभाग वाचणारे सराफाचे क्ष-किरण यंत्र एकट्याने निर्णायक मानता येत नाही. विशिष्ट गुरुत्वाची परीक्षा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतही करता येते. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३२, बावीस कॅरेटचे १७.६ ते १८ च्या आसपास, तर पितळेचे सुमारे साडेआठ. टंगस्टन (१९.२५) मात्र या परीक्षेलाही चकवू शकते. शिवाय या सर्व परीक्षा धातू सांगतात, वय नव्हे. खऱ्या सोन्यात आज पाडलेले नाणे त्यांत निर्दोष उतरेल. वयाचा निर्णय लिपी, ठशाची घडण, वजनमान आणि प्राप्तिस्थान यांवरूनच करावा लागतो.

प्राप्तिस्थानाचे मोल

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील एडेंगा येथे सापडलेल्या ३२ सुवर्णनाण्यांचा निधी वा. वि. मिराशी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पातळ पत्र्यावर एकाच बाजूने उठविलेला बसलेला नंदी, चंद्रकोर आणि राजाचे नाव असे त्यांचे स्वरूप आहे. वराहराज, भवदत्त आणि अर्थपती हे नल राजे या नाण्यांतून एकत्र समोर आले. ही नाणी विखरून सराफाच्या मुशीत गेली असती, किंवा त्यांत चार बनावट नाणी मिसळली असती, तर वराहराजाविषयी आज काय लिहिता आले असते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

कायदेशीर बाजू

नाणे बनावट करण्याच्या गुन्ह्यासंबंधी भारतीय दंड संहितेतील व्याख्या त्या काळी चलनात असलेल्या नाण्यापुरती होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही स्थिती मूलतः तीच आहे. नल राजाचे खोटे नाणे पाडून विकणे हे त्यामुळे प्रामुख्याने फसवणुकीच्या कलमात (कलम ३१८) येते आणि तक्रारदारास पुढे यावे लागते. गुप्तधनाच्या लोभाने पैसे दिलेला मनुष्य बहुधा पुढे येत नाही, कारण खरा निधी लपविणे हाही अपराधच आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. त्या सूचनेत निधीचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक नमूद करावा लागतो. इतिहास विभागाकडे कोणी नाणे घेऊन आल्यास ते न घासता, न धुता वजन व छायाचित्र घ्यावे, जुनेपणाविषयी तोंडी दाखला देऊ नये आणि आणणाऱ्यास प्रथम ही सूचना देण्यास सांगावे.