जुना संगणक घराबाहेर काढण्यापूर्वीं

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस गास, भुईगांव, वाघोली या गांवांतून केळीच्या वाड्यांशेजारीं इमारती उठल्या. तरी तीन-चार भावांचें एका छपराखालीं नांदणारें घर तेथें अगदींच नाहींसें झालेलें नाहीं. अशा घराच्या ओटीवर, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीं, दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला एक संगणक बहुधा असतोच. त्यावर मुलांनीं शाळेचे प्रकल्प केले, सूनबाईंनीं घरखर्चाचे तक्ते मांडले, आणि आजोबांनीं निवृत्तीनंतर एका बोटानें अक्षर शोधीत घराण्याची वंशावळ लिहून काढली. आतां तो जागा होईतों चहा होऊन जातो, आणि “हें धूड काढा एकदांचें” असा ठराव बहुमतानें मंजूर होतो.

या ठरावास अलीकडे एक सबळ निमित्तही मिळालें. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमींचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तिच्या जागीं आलेल्या ‘विंडोज ११’ ला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षा-सोय व मान्य यादींतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतींत ही यादी साधारणपणें २०१७ सालीं निघालेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळें धडधाकट असलेलीं कित्येक यंत्रें एका दिवसांत पंक्तीबाहेर झालीं. घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची वाढीव सोय ठेवण्यांत आली, ती एवढाच अवधि देते. मुदत संपतांच यंत्र बंद पडतें असें मुळींच नाहीं. परंतु त्यावरून बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे.

तथापि मंदपणा आणि म्हातारपण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. जुन्या संगणकांत माहिती एका फिरत्या तबकडीवर असते, आणि तबकडीवरील निरनिराळीं ठिकाणें धुंडाळीत तिच्या दांड्यास सारखें इकडेतिकडे धांवावें लागतें. खोळंबा बहुतेक वेळां येथेंच होतो. तिच्या जागीं फिरता भाग नसलेली, ज्यास एस. एस. डी. म्हणतात ती, साठवण बसवावी आणि चार जी. बी. स्मृतीची आठ करावी. मग तेंच यंत्र ओळखूं येत नाहीं. घड्याळ वारंवार मागें पडत असेल तर आंतील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. तारीख चुकली कीं बँकेचीं पानेंसुद्धां उघडत नाहींत. समुद्राच्या दमट, खारट हवेनें स्मृतीच्या पट्टीचे दांते मळतात. ते हलक्या हातानें खोडरबरानें पुसल्यावर “मेलेला” संगणक पुन्हां चालूं लागल्याचीं उदाहरणें कोणीही दुरुस्तीवाला सांगेल. प्रोसेसर मात्र यानें तरुण होत नाहीं. तेथें लिनक्स ही मोफत प्रणाली घालतां येते. पत्रें, मुलांचा अभ्यास व मराठी लेखन यांस ती पुरते. हिशेबाचा एखादा कार्यक्रम विंडोजवरच चालत असेल तर मात्र नवें यंत्र घेणेंच सोयीचें.

परंतु आमच्या मतें खरा प्रश्न यंत्राचा नाहींच; तो आजोबांच्या वंशावळीचा आहे.

युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे, पण घराघरांतलें मराठी पुढें बरींच वर्षें श्रीलिपि, कृतिदेव, किंवा पुण्याच्या सी-डॅकनें केलेल्या आय. एस. एम. यांच्या फाँटांतून लिहिलें गेलें. अशा बहुतेक फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी यंत्राच्या पोटांत एखादें रोमन अक्षर वा चिन्ह असे, आणि प्रत्येकाचा सांकेतिक तक्ता निराळा. फाईल नव्या संगणकावर नेली आणि तो फाँट तेथें नसला, कीं पणजोबांच्या नांवाच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. कांहीं कार्यक्रम तर यंत्राच्या पाठीमागें लावावयाच्या एका छोट्या कुलपावांचून उघडतच नसत. तें कुलूप रद्दींत गेलें, कीं कार्यक्रमही गेला.

गासच्या शेजारच्या सोपाऱ्याला याचा मोठा दाखला आहे. १८८२ सालीं तेथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ सालीं भुईगांवास नवव्याचा. दगड दोन हजारांहून अधिक वर्षें टिकला. पण मधल्या कित्येक शतकांत ब्राह्मी वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें ती लिपि उलगडली, तेव्हां कोठें असे दगड बोलूं लागले. आजोबांच्या फाईलीसाठीं कोणी प्रिन्सेप येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं, कारण तिची किल्ली त्याच जुन्या यंत्रांत अजून शाबूत आहे.

म्हणून जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच त्यावर बसून प्रत्येक मराठी लेख उघडावा व त्याची पी. डी. एफ. प्रत काढावी. महत्त्वाचे लेख एकवार कागदावरही छापावे. फाँटाची फाईल लेखांबरोबरच जपून ठेवावी. मग रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा, आणि मूळ प्रत समोर धरून एकानें वाचावें, दुसऱ्यानें तपासावें. ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, रफार उडतो, जोडाक्षरें फुटतात. आणि वंशावळींत एक अक्षर चुकलें तर माणूसच बदलतो. हें काम सुटींत नातवंडांनीं आजोबांजवळ बसून करण्यासारखें आहे. त्यांत आजीनें सांगितलेलीं कादोडी बोलींतील लग्नगीतें असलीं, तर आधीं तीं घ्यावीं. इतर कागद कोठेंतरी पुन्हां मिळतील, तीं मिळणार नाहींत.

यंत्र टाकावयाचेंच ठरलें तर तें फेरीवाल्या भंगारवाल्यास देऊं नये. त्यांतील शिसें व इतर विषारी द्रव्यें उघड्यावर जाळल्यानें हवेंत व मातींत मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणीकृत संस्थेकडेच तें जावें. त्यांतली तबकडी मात्र आधीं काढून घ्यावी. सर्व रूपांतर तपासून होईतों ती कोरड्या डब्यांत, वर तारीख व फाँटाचें नांव लिहून, घरच्या दस्तऐवजांच्या कपाटांत ठेवावी.