पिल्लाचा इसार

परवा डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घेताना ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. मुलांच्या हट्टापायी १,५०० डॉलरच्या कुत्र्याच्या पिल्लासाठी ब्रीडरला ५०० डॉलर इसार देऊन आल्या होत्या. पिल्लू अजून जन्मायचे होते!

खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंडाचा इसार देतात तो दात पाहून, चालवून. इथे मात्र भरवशावरच. इलिनॉय राज्यात २०२२ पासून दुकानांना ब्रीडरकडची पिल्ले विकायला बंदी आहे. गिऱ्हाईक थेट ब्रीडरचे दार ठोठावते. शिवाय ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचे नाही. तोवर मन बदलले तर?

‘इसार बुडाला’ असे आपण गृहीत धरतो. पण करारात भरपाई ठरलेली नसेल आणि गिऱ्हाइकाने माघार घेतली, तर इथल्या विक्री कायद्याप्रमाणे विक्रेत्याला किमतीच्या २० टक्के किंवा ५०० डॉलर, यांत कमी असेल तेवढेच ठेवता येते. सिद्ध करता येईल ते नुकसान वेगळे. म्हणजे वहिनींचे ३०० जातील, २०० मागता येतील. आणि पिल्लूच झाले नाही तर?

वहिनींनी पर्समधून पावती काढली. तीवर आकडा आणि सही, बाकी काही नाही. नर की मादी, पूर्ण किंमत, ताब्याची तारीख, पिल्ले कमी झाली तर इसार परत, हे सारे लिहून घेण्यासाठी त्यांनी संध्याकाळीच ब्रीडरला फोन लावला.