एचडीच्या आकड्यांमागचे चित्र

दूरचित्रवाणी संच घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे ‘एचडी रेडी’, ‘फुल एचडी’, ‘७२०पी’, ‘१०८०आय’, ‘फोरके’ अशा शब्दांची रांगच उभी राहते. संचाची किंमत बरीचशी याच शब्दांवर ठरत असल्याने त्यांचा अर्थ जाणून घेणे हिताचे आहे.

पडद्यावरचे चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ‘पाल’ पद्धतीने. त्यात चित्राच्या ५७६ आडव्या रेषा असत. डिजिटल रूपात हे चित्र सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे होते. ७२० रेषांच्या एचडी चित्रात (१२८० × ७२०) ९ लाख २१ हजार, तर १०८० रेषांच्या चित्रात (१९२० × १०८०) २० लाख ७३ हजार ठिपके असतात. फोरकेमध्ये ते याच्याही चौपट. ‘एचडी रेडी’ संचाचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो.

आकड्यापुढील अक्षरही महत्त्वाचे. ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह : साऱ्या रेषा एकाच वेळी. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड : आधी विषम रेषा, मग सम. त्यामुळे १०८०आय स्थिर दृश्यात रेखीव दिसते. पण वेगवान दृश्यात दोन्ही अर्ध्यांचा मेळ बसला नाही, तर कडा दातेरी होतात. अमेरिकेत खेळांना वाहिलेल्या ईएसपीएनने ७२०पी निवडले, ते याच कारणाने.

मात्र संच कितीही उत्तम असला, तरी मूळ प्रक्षेपणात नसलेला तपशील त्यात खऱ्या अर्थाने येत नाही. ५७६ रेषांची साधी वाहिनी फोरके पडद्यावर लावल्यास उरलेले ठिपके संच अंदाजाने भरतो.

दुसरी मर्यादा आपल्या डोळ्यांची. अंशाच्या साठाव्या भागाहून लहान तपशील सामान्य दृष्टीला वेगळा दिसत नाही. या हिशेबाने ३२ इंची पडद्यावर सुमारे सहा फुटांपलीकडून ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यांतील फरक जाणवणे कठीण. ४३ इंची पडद्यावर जवळपास तेवढ्याच अंतरापलीकडून ‘फुल एचडी’ आणि ‘फोरके’ यांतील भेद पुसट होतो.

म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि घरी येणाऱ्या वाहिन्यांचा दर्जा. जादा पैसे मोजायचे की नाही, हे त्यावरून ठरवता येईल.