बुडालेला तास

गेल्या महामारीनें मुलांच्या शिक्षणाचें काय नुकसान केलें, याचा हिशेब बहुतेक सुशिक्षित घरांत मांडला गेला. गणित कच्चें राहिलें, वाचन मागें पडलें, अक्षर बिघडलें. त्याकरितां शिकवण्या लागल्या, सुटींतहि अभ्यास झाला. परंतु वेळापत्रकांतील आणखी एक तास त्याच काळांत बुडाला, आणि त्याची भरपाई करण्याचें फारसें कोणास सुचलें नाहीं. तो तास म्हणजे शारीरिक शिक्षणाचा.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. मधून मधून कांहीं वर्ग कांहीं ठिकाणीं उघडले व पुन्हां मिटले. महाराष्ट्रांतील धाकट्या मुलांना तर डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. या काळांत गणित मोबाइलच्या पडद्यावर कसेंबसें शिकवितां आलें. सूर्यनमस्कारहि दाखवितां आले. पण आमचे देशी खेळ पाहा. खो-खोंत आठ गडी ओळीनें बसतात व नववा पाठलाग करतो. पाठीवर हात पडून ‘खो’ मिळाल्यावांचून कोणास उठतां येत नाहीं. हुतूतूंत पकड, लंगडींत शिवाशिवी. आणि त्या दिवसांतील पहिला नियम स्पर्श टाळा हाच! नियम योग्य होता, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण त्यापायीं गेलें तें केवळ मनोरंजन नव्हे. पळणें, पडणें, दम राखणें, हार पचविणें व आपली पाळी येईपर्यंत थांबणें, हें सारें एकट्यानें खोलींत बसून शिकतां येत नाहीं.

परदेशांत याचे परिणाम मोजले गेले आहेत. अमेरिकेंत चार लक्षांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां उंचीच्या मानानें वजन वाढण्याचा वेग पूर्वीच्या जवळ जवळ दुप्पट आढळला. स्थूल मुलांचें प्रमाण ऑगस्ट २०१९ मधील शेंकडा १९.३ वरून एका वर्षांत २२.४ वर गेलें. चीनमधील फेचेंग शहरांत सहा वर्षांच्या मुलांत दूरचें अंधुक दिसण्याचा दोष २०२० सालीं शेंकडा २१.५ मुलांत निघाला; आधींच्या पांच वर्षांत तो ५.७ च्या वर गेला नव्हता. उघड्यावरील उजेडांतला खेळ डोळ्यांचेंहि रक्षण करतो, तें असें.

शाळा उघडल्यावर तरी हा तास परत मिळाला काय? अभ्यासक्रम पुरा करावयाचा म्हणून खेळाचा तास गणिताला देणें, ही आपल्याकडील जुनीच खोड. महामारीनें तिला नवें निमित्त दिलें. पालकांनींहि त्यास क्वचितच हरकत घेतली.

जागतिक आरोग्य संघटना पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी साठ मिनिटें दम लागेल अशी हालचाल सांगते. हाडांची बळकटी वाढत्या वयांतच सांठवावयाची असते. २०२० सालीं पहिलींत असलेलें मूल आतां त्याच वयांत आलें आहे. म्हणजे वेळ गेलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत चार भावंडें असतात, अंगण नसलें तरी गच्ची असते. आजोबांनीं घड्याळ धरावें, काकूंनीं दोरीवरच्या उड्या मोजाव्या, आणि संध्याकाळचा एक तास शिकवणीपासून राखावा. पालकसभेंत गुणांची चौकशी झाली कीं, “खेळाचा तास आठवड्यांतून किती वेळां होतो?” एवढें अवश्य विचारावें. असें विचारणारे दहा पालक निघाले, तर तो तास कापतांना शाळेचा हात थोडा तरी अडखळेल.